खिशातला चाकू: एका ठिबक फिटरने वापरून पाहिलेली पाती

ठिबक सिंचनाचं फिटिंग करतो मी. चोपडा तालुका, त्यातही अडावदपासून तापीकाठापर्यंतची केळीची शिवारं हा माझा मुख्य भाग. हंगामात शिरपूर, शहाद्यापर्यंतही जातो. २२ वर्षं झाली या कामाला. पंच, पक्कड, हॅक्सॉ गाडीच्या डिक्कीत असतात, चाकू मात्र खिशात. दिवसातून तीस-चाळीस वेळा तो बाहेर निघतो. नळी कापायला, बंडलावरचा प्लास्टिकचा कागद काढायला, खताच्या गोणीचं तोंड उघडायला, स्टार्टरच्या वायरीचं कव्हर सोलायला आणि दुपारी बांधावर कांदा चिरायला.

चाकू घ्यायचा म्हटलं की जो तो कंपनी विचारतो, पोलाद कुठलं ते विचारतो, किंमत तर विचारतोच. पात्याचा आकार कोणी विचारत नाही. मी स्वतः कित्येक वर्षं विचारला नाही आणि त्याचं नुकसान भरलं. म्हणून गेल्या दोन वर्षांत वापरलेल्या चाकूंबद्दल लिहितोय, आणि त्यातही आकाराबद्दलच जास्त.

चाकू उघडा आणि डोळ्यासमोर आडवा धरा. धार खाली, पाठ वर. आता दोन गोष्टी बघा. पहिली, टोक कुठे आलंय: वर पाठीच्या रेषेत, मधोमध, की खाली धारेच्या रेषेत. दुसरी, धार मुठीपासून टोकापर्यंत सरळ जाते की पुढे गोल वळून वर चढते. त्या गोल भागाला आपण पोट म्हणू. टोक जितकं वर, तितकं पोट मोठं. टोक जितकं खाली, तितकी धार सरळ. चाकूचा स्वभाव या दोन गोष्टींवरून ठरतो, बाकी सगळं नंतर.

यातला पहिला चाकू क्लिप पॉइंटचा होता. ऑनलाइन मागवला होता. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण बोलायचंय ते आकाराबद्दल. क्लिप पॉइंट म्हणजे पाठ पुढच्या बाजूला खोलगट कापलेली असते, त्यामुळे टोक बगळ्याच्या चोचीसारखं बारीक होतं. दिसायला देखणा. बहुतेक जण फोटो बघून हाच पसंत करतात, मीही केला. टोचायला, भोक पाडायला, सालीखाली शिरायला असं टोक फार चांगलं. पण माझं काम टोचायचं नाहीच, कापायचं आहे, हे घेताना डोक्यात आलं नाही.

तीन एकर केळीला इनलाइन, म्हणजे आतच थेंब सोडणारे ड्रिपर बसवलेली नळी, टाकायची होती. १६ मिमीची नळी, नवीन बंडलं. बंडलावर प्लास्टिकचा कागद गुंडाळलेला असतो, तो मी नेहमीसारखा चाकूचं टोक खुपसून एका ओढीत फाडला. शेतात नळ्या पसरल्या, जोडल्या, मोटर चालू केली. एका ओळीत कारंजं उडालं. त्याच्यापुढे तीन मीटरवर दुसरं. त्याच्यापुढे तीन मीटरवर तिसरं. एकाच नळीवर सात ठिकाणी, जवळपास सारख्या अंतरावर. शेतमालक नाना बांधावर उभे होते, म्हणाले, माल खराब आलाय, परत पाठव. मी खाली बसून बोटाने भेग चाचपली. कडा स्वच्छ, चाकूच्या. मग हिशोब लागला. बंडलाच्या वरच्या थरातले वेढे एकमेकांना लागून असतात आणि एक वेढा साधारण तीन मीटरचा. माझं टोक कागदातून खाली उतरलं आणि एका ओढीत शेजारच्या सात वेढ्यांना चाटून गेलं. माल चांगला होता. मी नानांना तसं सांगितलं, सात जॉइनर, म्हणजे कापलेली नळी जोडायचे तुकडे, माझ्या खर्चाने टाकले, आणि त्या उन्हात सात वेळा नळी कापताना एकच विचार चालू होता: कागदाखाली गेलेलं टोक मला दिसत नव्हतं, आणि जे दिसत नाही त्याच्यावर हात चालवायचा नाही.

पुढे दोनच महिन्यांनी ते टोक मोडलं. सबमेनवरचा, म्हणजे या नळ्यांना पाणी देणाऱ्या मोठ्या पाइपवरचा, रबरी ग्रोमेट निघत नव्हता, मी टोकाने उचकटायला गेलो. असं करायचं नसतं हे मला ठाऊक होतं. चोचीसारखं टोक कडेला जरा जोर लागला की तुटतंच, तिथे पोलाद उरलेलंच नसतं. चार-पाच मिलिमीटरचा तुकडा उडाला तो सापडलाही नाही.

चोपड्याच्या बाजारात एक लोहार बाबा बसतात. विळे, खुरपी, कुऱ्हाडी. ट्रकच्या कमानपाट्याच्या पोलादातून काढलेली त्यांची खुरपी आमच्या भागात घरोघरी आहेत. त्यांना चाकू दिला आणि म्हटलं, धार पुढून घासून नवं टोक काढून द्या. त्यांनी पातं उलटसुलट करून बघितलं, अंगठ्याच्या नखावर धार तपासली आणि मान हलवली. म्हणाले, "धारले हात लावाना नही. पाठ घसी टाकू." धारेला हात लावायचा नाही, पाठ घासू.

मला आधी कळेना. मग त्यांनी चाकावर पातं धरलं. धार त्यांच्याकडे, पाठ चाकावर. तीन-चार सेकंद घासायचं की लगेच शेजारच्या पाण्याच्या घमेल्यात बुडवायचं. पुन्हा तीन-चार सेकंद, पुन्हा पाणी. दर वेळी चर्र असा बारीक आवाज. घाई का नाही करत म्हणून विचारलं, तर त्यांनी बाजूला पडलेला एक जुना सुरा दाखवला. त्याच्या टोकाशी निळसर डाग होता. चाकावर पोलाद तापून निळं पडलं की त्याचं पाणी गेलं, म्हणजे कडकपणा गेला. मग कितीही धार लावा, ती टिकत नाही. पाठ हळूहळू खाली उतरत गेली, गोलाईत, आणि जिथे धार संपत होती तिथेच येऊन मिळाली. टोक मधलं नाही, वरचं नाही, थेट धारेच्या रेषेत. दहा-बारा मिनिटांचं काम आणि ५० रुपये.

पुढच्या बाजूचं थोडं पोट मोडलेल्या तुकड्यासोबत आधीच गेलं होतं. उरलेली धार जवळजवळ सरळ. घरी येऊन दगडावर आणखी सरळ केली. आणि हाच चाकू, ज्याने माझे सात जॉइनर खाल्ले, आज माझ्याजवळचा सगळ्यात कामाचा चाकू आहे.

या आकाराला इंग्रजीत शीप्सफूट म्हणतात, मेंढीच्या खुरासारखा. नाव ऐकलं तेव्हा मला आमच्याकडचे ठेलारी आठवले. दिवाळीनंतर साक्रीकडून त्यांचे कळप निघतात आणि रिकाम्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला शेतकरी त्यांना बोलावतात. पुढच्या वर्षी असाच एक कळप आमच्या शेजारच्या रानात बसला होता. म्हातारे आजोबा एका मेंढीला गुडघ्यांत दाबून तिचा वाढलेला खूर कापत होते. हातातला चाकू जुना, झिजून बारीक झालेला, पण त्याचं पुढचं तोंड बोथट आणि गोल. मी माझा दाखवला. त्यांनी हातात घेतला, पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, टोक असलं तर मेंढीने पाय झटकला की पोटात जातं. जहाजावरच्या खलाशांकडेही पूर्वी असेच बिनटोकाचे चाकू असत. जहाज हेलकावलं तर शीड फाटू नये, माणसाला लागू नये म्हणून. साक्रीचा मेंढपाळ आणि समुद्रावरचा खलाशी दोघांची अडचण एकच: ज्याच्यावर काम करायचं तेच हलतंय.

माझ्या कामात याचा फरक कुठे पडतो ते नेमकं सांगतो. इनलाइन नळी कापताना काप काटकोनात यायला लागतो. तिरका आला की जॉइनर एका बाजूला पूर्ण बसतो, दुसऱ्या बाजूला अर्धा, आणि प्रेशर आलं की तिथून झिरपतं. शिवाय ड्रिपरवर कापायचं नाही, दोन ड्रिपरच्या मधोमधच कापायचं, नाहीतर जॉइनर आत शिरतच नाही. पोट असलेलं पातं गोल नळीवर ठेवलं की ते घसरत घसरत पुढे जातं आणि काप तिरपा होतो. सरळ धार नळीवर पट्टीसारखी बसते. तर्जनी पाठीवर ठेवायची, नळी लाकडाच्या तुकड्यावर ठेवून अर्धा वळसा फिरवायची, काप स्वच्छ. बोट टोकाच्या बरोबर वर असतं, त्यामुळे टोक कुठे आहे हे न बघता कळतं. बंडलाचा कागदही आता टोक न खुपसता, धार कागदाखाली आडवी सरकवून वरच्या दिशेने कापतो. त्यानंतर एकदाही कारंजं उडालेलं नाही.

गोणीचंही तसंच. १९:१९:१९ या विद्राव्य खताची २५ किलोची गोणी असो की युरियाची, शिलाईचं योग्य टोक सापडलं तर एक धागा कापून अख्खी शिलाई ओढून निघते. तो एक धागा उचलून कापायला सरळ धारेचं टोक पुरतं, आणि आतली प्लास्टिकची पिशवी फाटत नाही. पाण्यात विरघळणारं खत दमट हवेत लगेच ओलं होऊन दगड होतं, म्हणून आतली पिशवी शाबूत राहणं महत्त्वाचं. शेतकऱ्याच्या दृष्टीने तर फारच, गोणीचा भाव बघता.

आता दुसरा चाकू. व्हिक्टोरिनॉक्सचा लाल, स्पार्टन म्हणतात तो. मिटलेला ९१ मिमी. पुण्याला राहणाऱ्या माझ्या भाच्याने आणून दिला. या कंपनीचा कारखाना स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावात, कार्ल एल्सेनर यांनी १८८४ साली सुरू केलेला. लष्करी अधिकाऱ्यांसाठीच्या चाकूची नोंद त्यांनी १८९७ मध्ये केली. आईचं नाव व्हिक्टोरिया. १९२१ मध्ये न गंजणारं पोलाद आलं तेव्हा त्याचं इनॉक्स हे नाव आईच्या नावाला जोडून कंपनीचं नाव झालं. आईच्या नावाचा चाकू इतकी वर्षं जगभर चालतो ही गोष्ट मला फार आवडली.

याचं मोठं पातं उतरत्या टोकाचं आहे. पाठ हळूच खाली येते, टोक मधल्या रेषेजवळ, आणि पोट मध्यम. ड्रॉप पॉइंटच्या घराण्यातलं. या आकारात सगळं थोडं थोडं येतं. टोचता येतं, पण टोक चोचीइतकं नाजूक नाही. चिरता येतं, सोलता येतं. ज्याला कळत नाही की आपलं काम नेमकं कुठलं, त्याने डोळे मिटून हा आकार घ्यावा.

घरगुती कामात तर हाच पुढे. आमच्याकडे भरिताच्या हंगामात, थंडीत, शेतात पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, वांगी भाजायचा कार्यक्रम होतो. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी. आमच्यासाठी ते दोन्ही रोजचं जेवण आणि रोजची कमाई. वांगं भाजण्याआधी त्याला चार ठिकाणी टोचावं लागतं, नाहीतर वाफेने फुटतं, आणि एक उभा काप देऊन आत कीड आहे का ते बघावं लागतं. तिथे माझा खुरासारखा चाकू निरुपयोगी आहे. पुढे टोकच नाही, तो सालीवरून घसरतो. व्हिक्टोरिनॉक्स लोण्यात जावा तसा जातो. कांद्याची पात कापायला पोट कामाला येतं, टोक फळीवर टेकवून मागची बाजू वरखाली झुलवायची. हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर, सगळं तसंच. कळण्याची भाकरी, भरीत आणि वरून कच्च्या तेलाची धार. त्या जेवणाआधी हातात कुठला चाकू हवा असं कोणी विचारलं तर माझं उत्तर हा लाल चाकू.

याला लॉक नाही, फक्त स्प्रिंगचा जोर. म्हणून टोक खुपसून जोर लावायचा नाही, पातं मिटून बोटावर येऊ शकतं. हे बिनलॉकच्या कुठल्याही चाकूला लागू आहे. सरळ धारेचा चाकू इथेही सुरक्षित, कारण त्याने टोचायचा मोहच होत नाही.

तिसरा आकार विळ्याच्या चोचीचा, हॉकबिल. पातं आतल्या बाजूला वळलेलं. आपल्याला नवीन नाही, लहानपणापासून विळा हातात असतो. केळीची वाळलेली पानं, करप्याने डागाळलेली पानं, घडाला बांधलेली दोरी हे सगळं ओढून कापायचं काम. दोरी वळणात अडकते आणि निसटत नाही. पण मिटणारा हॉकबिल मी महिनाभरात डिक्कीत टाकला. फळीवर काहीच कापता येत नाही, कांदासुद्धा नाही, आणि त्याला धार लावायला सपाट दगड चालत नाही, गोल कांडी लागते. बागेत दिवसभर राहणाऱ्याने जरूर घ्यावा. खिशात एकच चाकू ठेवायचा असेल तर हा नाही.

टँटो, म्हणजे कोन पाडलेलं पुढचं तोंड, याचा शेतात किंवा घरात उपयोग मला सापडला नाही. अर्धी धार दातेरी असलेले चाकू नायलॉनची दोरी सपासप कापतात, पण ते दात बोथट झाले की गावात धार लावून देणारं कोणी नाही.

धारेचा मुद्दा आकाराशीच बांधलेला आहे आणि दुकानदार तो कधीच सांगत नाही. सरळ धार दगडावर अख्खी एकदम टेकते. साधारण २० अंशांचा कोन धरून पुढे-मागे, दोन्ही बाजूंनी सारखं. शिकाऊ पोरगाही दोन दिवसांत शिकतो. पोट असलेल्या पात्याला पुढे जाताना मनगट उचलत न्यावं लागतं. नाही उचललं तर टोकाजवळची धार तशीच बोथट राहते, आणि बहुतेकांच्या चाकूंची तीच गत असते. शेतात दगड नसेल तर चहाचा चिनी मातीचा कप उलटा करा. बुडाशी जी खरखरीत, बिनचकाकीची गोल कडा असते, तिच्यावर हलक्या हाताने दहा-दहा वेळा ओढा, तात्पुरती धार येते.

केळीवाल्यांसाठी एक खास सूचना. केळीचा चीक पात्यावर सुकला की डिंकासारखा चिकटतो आणि सांध्यात गेला तर चाकू उघडतच नाही. संध्याकाळी रॉकेल किंवा खायच्या तेलाचं फडकं फिरवा, पाणी चालत नाही. साध्या कार्बन पोलादाचं पातं चिकाने आणि लिंबाने काळं पडतं. तो काळपटपणा म्हणजे गंज नव्हे, घाबरू नका. आणि पूर्ण लोखंडी मुठीचा चाकू आपल्या भागात घेऊ नका. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा गाडीच्या सीटवर दहा मिनिटं राहिलेला चाकू हातात धरवत नाही.

कायद्याचंही बरेच जण विचारतात. शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांची हत्यारं येतात, आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली वगळली आहेत. खिशातला तीन इंची चाकू त्यात बसत नाही. पण सणासुदीला, निवडणुकीच्या काळात जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा आदेश लागतो, तेव्हा चाकू बाळगायला बंदी असू शकते. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेला जातो तेव्हा मी तो घरीच ठेवतो. विमानात हातातल्या बॅगेत तर चालतच नाही.

शेवटी पैशांचं. व्हिक्टोरिनॉक्स महाग आहे, पण ज्याला एकच चाकू घ्यायचा आहे आणि घर, प्रवास, शेत सगळीकडे वापरायचा आहे, त्याला मी तोच सांगेन. ज्याचं दिवसभर काम कापायचंच आहे, फिटर, इलेक्ट्रिशियन, दुकानात खोके उघडणारे, त्यांनी सरळ धार घ्यावी. ती शोधायला ऑनलाइन जायचीही गरज नाही, हे मला उशिरा कळलं. एकदा कृषी केंद्रात जॉइनर घ्यायला गेलो होतो, काउंटरच्या काचेखाली कलम बांधायचा चाकू पडला होता. मिटणारा, लाकडी मुठीचा, दीडशे-दोनशे रुपयांचा. उघडून आडवा धरला. धार पूर्ण सरळ, टोक खाली. कलमाच्या फांदीला जो तिरपा, सपाट काप द्यावा लागतो, तो सरळ धारेशिवाय येतच नाही, म्हणून ते पातं तसं. काही कलमाच्या चाकूंना धार एकाच बाजूने काढलेली असते. तसा असेल तर नळी कापताना तो किंचित एका अंगाला ओढतो. घेताना दोन्ही बाजू बघून घ्या.

त्या दिवशी दोन घेतले. एक डिक्कीत ठेवला आणि एक माझ्याबरोबर नवीन लागलेल्या पोराला दिला. त्याने पहिल्या दिवशी कापलेल्या चौदा नळ्यांपैकी दोन तिरक्या आल्या, त्या मी त्याच्याकडूनच पुन्हा कापून घेतल्या.